त्रिशला बरी झाली तो गुरुवार

"मॅडम, आज मी बोलणार आहे," त्रिशला म्हणाली आणि खुर्ची ओढून माझ्यासमोर बसली.

डिसेंबर महिना होता. सांगलीतल्या एका धर्मादाय दवाखान्यात, फिजिओथेरपीच्या हॉलला लागून असलेल्या छोट्या खोलीत मी समुपदेशक म्हणून बसायचे. माझं वय सव्वीस. पुण्यात शिक्षण संपवून आले होते आणि नोकरीला जेमतेम सात महिने झाले होते. त्रिशला मगदूम सोळा वर्षांची, अकरावीतली. उदगावच्या पुढच्या एका गावातून दर गुरुवारी आईबरोबर एसटीनं यायची. अकरा आठवड्यांत ती माझ्याशी मिळून शंभर वाक्यंसुद्धा बोलली नव्हती. खिडकीकडं तोंड करून बसायची. काही विचारलं की "माहीत नाही", पुन्हा विचारलं की "काही नाही".

जुलैपर्यंत ही मुलगी जिल्ह्याच्या खो-खो संघात खेळत होती. मग एक दिवस मैदानावर गेली नाही. पुढं कॉलेजलाही जाईना. जेवण सुटलं, अंघोळ सुटली, केसांच्या गाठी झाल्या. दिवसदिवस भिंतीकडं तोंड करून पडून राहायची. नापास झाली नव्हती, कुणी रागावलं नव्हतं, कुणी त्रास दिला नव्हता. तिचे वडील आदगोंडा मगदूम, घरातले अण्णा, साखर कारखान्यात वजनकाट्यावर कारकून होते. पहिल्या भेटीत ते मला म्हणाले होते, "मॅडम, तुम्ही फक्त कारण शोधून द्या. बाकीचं मी बघतो."

मीही अकरा आठवडे तेच शोधत होते. पुस्तकात दिलेले सगळे प्रश्न विचारून झाले होते. दर आठवड्याला कोल्हापूरहून येणारे मानसोपचारतज्ज्ञ डॉक्टर कारखानीस तिला गोळ्या देत होते. ते म्हणायचे, "वेळ लागतो, विनया. घाई करू नको." पण मला घाई होती. प्रत्येक गुरुवारी ती गेल्यावर मी टेबलावर डोकं टेकवून बसायचे.

आणि त्या गुरुवारी ती न्हाऊन, वेणी घालून, हिरव्या पंजाबी ड्रेसमध्ये माझ्यासमोर बसली होती.

"बोल," मी म्हटलं. आवाजातला आनंद मला लपवता आला नाही.

"आता बरं वाटतंय. सोमवारपास्नं. झोप लागते. काल भाकरी खाल्ली, दोन."

"असं अचानक काय झालं?"

"काय नाही. डोक्यात ओझं होतं ते उतरलं. हलकं वाटतंय." ती हसली. तिच्या डाव्या गालाला खळी पडते हे मला त्या दिवशी कळलं.

मग ती खरंच बोलली. मैदानाबद्दल, खांबावर झेपावताना गुडघा कसा सोलला त्याबद्दल, गावातल्या बसदीत, जैन मंदिरात, पर्युषणाच्या वेळी म्हाताऱ्या बायका गाताना कशा पेंगतात त्याबद्दल. आम्ही दोघी हसलो. मध्येच तिनं विचारलं, "मॅडम, तुमच्याकडं येणाऱ्या सगळ्या पोरी बऱ्या होतात?"

"बऱ्याच जणी होतात."

"एखादी नाही झाली तर ती तुमची चूक नसते ना?"

"नसते," मी म्हटलं. मला वाटलं, किती समंजस मुलगी आहे, बरी झाल्या झाल्या माझा विचार करतेय.

"माझ्या फायलीत लिहा की मग. त्रिशला बरी झाली म्हणून."

मी तिच्यासमोरच लिहिलं. लक्षणीय सुधारणा. मूड प्रसन्न. झोप व भूक पूर्ववत. तिनं फाइल आपल्याकडं फिरवून ते वाचलं आणि म्हणाली, "अण्णांना पण दाखवा हे. कधीतरी."

मी तिच्या आईला आत बोलावलं. पद्माताई दारातच डोळ्यांना पदर लावून उभ्या राहिल्या. "देव पावला मॅडम. तुम्ही सांगितल्यापास्नं गोळ्यापण स्वतःच्या हातानं घेते. मला मागावं लागत नाही." ते मीच सुचवलं होतं, तीन आठवड्यांपूर्वी. गोळ्यांचा डबा तिच्याच ताब्यात द्या, तिला जबाबदारी वाटू दे. डॉक्टर कारखानीसांना मी ते सांगितलंही नव्हतं.

"आणि मन किती मोठं झालंय बघा," पद्माताई सांगत होत्या. "खो-खोचे बूट शेजारच्या राजश्रीला देऊन टाकले. नवे होते. कपाट आवरलं, वह्या बांधून ठेवल्या."

"आई, तुला मिरजेला जायचंय ना," त्रिशला म्हणाली. मिरजेला पद्माताईंच्या भाचीच्या मुलीचं बारसं होतं. "तू जा इथूनच. मी जाते घरी एकटी."

पद्माताईंनी माझ्याकडं बघितलं. पाच महिन्यांत त्यांनी लेकीला एकटं सोडलं नव्हतं.

"जाऊ द्या की," मी म्हटलं. "आता तिला मोकळं सोडायला हवं."

जाताना त्रिशलानं मला वाकून नमस्कार केला. आजकालच्या मुली करत नाहीत. मला फार बरं वाटलं.

*

फिजिओथेरपीच्या हॉलमध्ये मुल्लाणी सर होते. पन्नाशीचे, जाड चष्म्याचे. वीस वर्षं त्याच हॉलमध्ये लोकांचे खांदे आणि गुडघे हलवत आलेले. दुपारचा चहा आम्ही बरोबर घ्यायचो. मी त्यांना सगळं सांगितलं. बूट, भाकरी, फाइल, नमस्कार. बोलता बोलता मी म्हटलं, "सर, माझी पहिली केस बरी झाली."

त्यांनी कप खाली ठेवला. "अकरा आठवडे हलली नव्हती ना ती?"

"हो."

"मला तुमच्यातलं कळत नाही. पण अकरा आठवडे न वाकलेला गुडघा चार दिवसांत धावायला लागला, तर मी आधी घाबरतो. कुठलं तरी दुखणं दाबलेलं असतं त्यानं." "बूट का दिले पण तिनं? बरी झाली तर खेळायला नकोत?"

मी खोलीत गेले, फाइल उघडली. माझंच अक्षर. झोप व भूक पूर्ववत. त्याखाली मला तिची वाक्यं ऐकू यायला लागली. ओझं उतरलं. तुमची चूक नसते ना. अण्णांना दाखवा, कधीतरी. पुण्यात एका म्हाताऱ्या प्राध्यापिकेनं आम्हाला सांगितलेलं त्या क्षणी आठवलं. महिनोन्‌महिने खचलेलं माणूस एकाएकी शांत झालं, वस्तू वाटायला लागलं, निरोप घेतल्यासारखं बोलायला लागलं, तर ते बरं झालं असं धरू नका. त्याचा निर्णय झालेला असू शकतो. मी ते वहीत उतरवून घेतलं होतं. त्यावर परीक्षेत प्रश्न आला होता आणि मला पूर्ण गुण मिळाले होते.

मी तिच्या घरी फोन लावला. वाजत राहिला. पुन्हा लावला. कारखान्यात लावला, तर ऑफिसमधला माणूस म्हणाला, मगदूम काट्यावर आहेत, निरोप देतो. "ताबडतोब घरी जायला सांगा," मी म्हटलं. "काय म्हणून सांगू?" त्यानं विचारलं. काय सांगावं ते मला सुचेना. "मुलीला बरं नाही म्हणावं," एवढं बोलले आणि ठेवला. डॉक्टर कारखानीस कोल्हापुरात कुठल्यातरी वॉर्डात रुग्ण बघत होते, फोनवर आले नाहीत.

मुल्लाणी सर दारात उभे होते. हातात त्यांच्या एम-एटी दुचाकीची किल्ली. "चला," ते म्हणाले.

ती गेल्याला दीड तास झाला होता.

उसाचा हंगाम होता. अंकलीच्या पुलाअलीकडंच रस्ता तुंबला होता. उसानं लादलेल्या ट्रॉल्या, बैलगाड्या, मध्येच अडकलेल्या दोन एसटी. एका ट्रॉलीचा ऊस पुलावर सांडला होता आणि लोक तो बाजूला ओढत होते. सर कडेकडेनं गाडी काढायला बघत होते, पण जागाच नव्हती.

"मी पळते," मी म्हटलं.

"पुढून कुणाची तरी गाडी धरा. मी मागनं येतो."

मी तो पूल पळत ओलांडला. उसाच्या पाल्यावरून पाय घसरत होते. खाली कृष्णा होती, तिच्याकडं मी मुद्दाम बघितलं नाही. माझ्या डोक्यात तेव्हा काय चाललं होतं ते मी पुढं कितीतरी वर्षं कुणाला सांगितलं नाही. मी त्या मुलीसाठी रडत नव्हते. पद्माताईंना मी काय सांगणार, फाइलमध्ये काय लिहिलंय ते लोक वाचतील, माझी नोकरी जाईल, असं सगळं माझ्या डोक्यात होतं. मध्येच तिची खळी आठवायची. मग पुन्हा फाइल.

पुलापलीकडं एका दूधवाल्यानं मला मोटरसायकलवर घेतलं. गावात पोचले तेव्हा तीन वाजून गेले होते. शाळेच्या मैदानावर एक बारकी मुलगी पांढरे नवे बूट घालून पळत होती. बूट तिला मोठे होत होते.

"राजश्री?" मी ओरडले. "मगदुमांचं घर कुठलं?"

तिनं हात केला.

*

पुढच्या दाराला आतून कडी होती. मी दार वाजवलं. घराच्या बाजूला एक खिडकी होती, गज लावलेली, आतून झाकलेली. मी तिच्यावर थापा मारल्या.

"त्रिशला. मी विनया मॅडम."

बराच वेळ काही नाही. मग अगदी जवळून, बहुतेक खिडकीच्या खालूनच आवाज आला. "तुम्ही कशाला आलाय?"

ती बोलली. मी तिथंच खिडकीखाली, भिंतीला टेकून बसले.

"तू काही घेतलंयस का? खरं सांग."

"नाही. अजून."

"डबा कुठंय?"

मी पुस्तकातलं बोलायला लागले. तुझ्या भावना मी समजू शकते. ही वेळ निघून जाईल. तुझ्यावर प्रेम करणारी माणसं आहेत. मला माझाच आवाज ऐकू येत होता, अकरा आठवडे तिनं ऐकला होता तोच. आतून काही येईना. मी गप्प झाले. दम लागला होता, एका पायातली चप्पल पुलावर कुठंतरी राहिली होती.

"त्रिशला, मला भीती वाटतेय," मी म्हटलं. "फार भीती वाटतेय. मला काय बोलायचं ते माहीत नाही."

खिडकीची फळी थोडी किलकिली झाली. तिचा चेहरा दिसला नाही, फक्त गजांना धरलेली चार बोटं दिसली.

"तुम्ही रडताय?"

"हो."

"मी त्यासाठीच तर आले होते सकाळी," ती म्हणाली. आवाज एकदम थकलेला होता, सकाळचा उत्साह कुठल्या कुठं गेला होता. "तुम्हाला वाईट वाटू नये म्हणून. दर गुरुवारी तुमचं तोंड एवढंसं व्हायचं. तुम्ही आशेनं विचारायचा आणि मला काय सांगता यायचं नाही. घरात आईचं तसंच, अण्णांचं तसंच. मला वाटलं, जायच्या आधी एकदा तरी तुम्हाला बरं वाटावं. फायलीत लिहिलेलं असलं म्हणजे तुम्हाला कोण काय बोलणार नाही."

मी हादरले. त्या खोलीत कोण कुणाला सांभाळत होतं ते मला त्या भिंतीशी बसून कळलं. आठवड्याभराची सगळी ताकद गोळा करून ती न्हाली होती, वेणी घातली होती, भाकरी खाल्ली होती, मला हसवलं होतं. आणि मी तिच्या नमस्कारानं सुखावले होते.

"ऐक," मी म्हटलं. "माझं तोंड एवढंसं होऊ दे. ते तुझं काम नाही. तुला बरं नाही वाटलं तरी चालेल. पुढच्या आठवड्यातही नाही, त्याच्या पुढच्या आठवड्यातही नाही. तू माझ्यासमोर गप्प बसलीस तरी चालेल."

"कारण सांगता येत नाही मला. सगळे कारण विचारतात."

"मी नाही विचारणार यापुढं."

"मी लई दमलीय, मॅडम."

"हो."

"तुम्हाला नाही कळणार किती."

"नाही कळणार," मी म्हटलं. "दार उघडू नकोस. नको असेल तर नको. फक्त तो डबा गजातून माझ्याकडं दे. एवढंच कर. बाकी काही ठरवू नकोस आत्ता."

तिनं लगेच दिला नाही. मुल्लाणी सर येऊन पोचले, अंगणातल्या दगडावर आमच्याकडं पाठ करून बसले. कारखान्याकडून मळीचा वास येत होता. मी गजातून आत हात घातला आणि तसाच ठेवला. हात भरून आला, मुंग्या आल्या, तरी काढला नाही. किती वेळ गेला सांगता येणार नाही. शेवटी माझ्या तळव्याला गार पत्रा लागला. ठेपल्यांचा जुना डबा होता. गोळ्यांचा आवाज होऊ नये म्हणून तिनं आत रुमाल कोंबला होता.

डबा मी सरांकडं दिला. मग पुन्हा हात आत घातला. या वेळी तिनं तो धरला.

*

दार तिनं वडिलांना उघडलं. आदगोंडा मगदूम सायकल अंगणात तशीच टाकून आले होते. मी त्यांना सगळं सांगितलं, त्रिशलाच्या समोर. गोळ्या तिच्या हातात द्यायला मी सांगितलं होतं, एकटीला मी पाठवलं होतं, तेही सांगितलं.

त्रिशला माझ्याकडं बघत राहिली. "तुम्ही म्हणाला होता, इथलं बोलणं इथंच राहील."

"हो. म्हणाले होते."

"मग?"

"जिवावर बेतलं तर मला सांगावंच लागतं. ते मी तुला पहिल्याच दिवशी सांगायला हवं होतं. नाही सांगितलं."

"खोटारड्या आहात तुम्ही," ती म्हणाली. सकाळी मला जपणारी मुलगी हीच. तिच्या डोळ्यांत त्या दिवशी पहिल्यांदा काहीतरी पेटलेलं दिसलं.

आदगोंडा तिच्यासमोर जमिनीवर बसले. "माझ्या घरात तुला काय कमी होतं, बाळ? एकदा सांग तरी."

"काय कमी नव्हतं, अण्णा."

"मग का?"

त्यांनी माझ्याकडं बघितलं. पहिल्या भेटीत मागितलेलंच ते पुन्हा मागत होते आणि माझ्याकडं ते नव्हतं.

"कधीकधी कारण नसतं, अण्णा," मी म्हटलं. नकळत मीही त्यांना अण्णाच म्हटलं. "गुडघ्याला होतं, पोटाला होतं, तसं हे होतं. तिनं काही केलं नाही, तुम्हीही काही केलं नाही. पण आजपासून तिला एकटं सोडायचं नाही. आणि आत्ताच्या आत्ता दवाखान्यात न्यायचंय."

त्यांनी मान हलवली. मग उठायला म्हणून हात टेकले आणि उठताच येईना. मुल्लाणी सरांनी त्यांना काखेत धरून उभं केलं.

पद्माताई मिरजेहून थेट रुग्णालयात आल्या. बारशाच्या साडीत, पदराला घुगऱ्या बांधलेल्या. माझ्या अंगावरून पुढं गेल्या आणि लेकीच्या कॉटवर चढून तिच्या शेजारी आडव्या झाल्या. नर्सनं उठवायचा प्रयत्न केला. उठल्या नाहीत.

डॉक्टर कारखानीसांनी दुसऱ्या दिवशी मला समोर बसवलं. मी सगळं लिहून दिलं होतं. ते वाचून म्हणाले, "पळत गेलीस ते बरोबर. त्याच्या आधीचं जवळपास सगळं चूक." मग म्हणाले, "नोकरी सोडायचा विचार करत असशील तर करू नको. पण महिनाभर केस घेऊ नको. माझ्याजवळ बस, बघ."

त्रिशला तीन आठवडे रुग्णालयात होती. गोळ्या बदलल्या. मी रोज वॉर्डच्या दारापर्यंत जायचे. ती तोंड फिरवायची. मी परत यायचे.

याला आता वीस वर्षं झाली. त्रिशलाचं दुखणं एकदाच येऊन गेलं असं नाही. ते पुढं दोनदा परत आलं, एकदा लग्नाआधी आणि एकदा मुलगी झाल्यावर. दोन्ही वेळा ती आपण होऊन डॉक्टरकडं गेली. ती कागलजवळच्या एका शाळेत शिकवते. वर्षातून एकदा तिचा फोन येतो. बोलण्यासारखं काही नसेल तर ती तसं सांगते आणि ठेवते.

माझ्याकडं आलेल्या मुलांपैकी सगळी वाचली नाहीत. दोन गेली. त्यांची नावं मी इथं लिहिणार नाही. कुणी नवं मूल समोर येऊन एकदम छान हसलं की आजही मी पेन खाली ठेवते.

पण मला सांगायचं ते जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यातलं आहे. त्रिशलाला घरी सोडून दहा दिवस झाले होते. मी डॉक्टर कारखानीसांच्या शेजारी बसले होते. ती आईबरोबर आली, डॉक्टरांशी बोलली, गोळ्यांची चिठ्ठी घेतली आणि माझ्याकडं न बघता म्हणाली, "मला यांच्याशी बोलायचंय."

आम्ही माझ्या खोलीत गेलो. केस विस्कटलेले, डोळ्यांखाली काळं, कुणाचा तरी मोठा स्वेटर. ती बसली नाही, उभीच राहिली.

"मला तुमचा राग आलाय," ती म्हणाली.

"बरोबर आहे."

"बरोबर आहे म्हणू नका. ते ऐकून अजून येतो."

मी गप्प बसले.

"सकाळी उठले की येतो. कॉलेजात सगळ्यांना कळलं. आई संडासाच्या दारात उभी राहते. अण्णा रात्रीत चार वेळा उठून बघतात. सगळं तुमच्यामुळं." ती बोलत राहिली. पंचवीस मिनिटं बोलली. एकदाही हसली नाही, एकदाही तिनं माझ्या चेहऱ्याकडं बघून काही अंदाज घेतला नाही. माझं तोंड कसं झालं असेल याची तिला पर्वा नव्हती. मी फक्त ऐकलं.

मग ती थांबली. दम लागला होता तिला. बाहेरून पद्माताईंनी हाक मारली, एसटीची वेळ झाली होती.

"पुढच्या गुरुवारी येशील?" मी विचारलं.

ती दारापर्यंत गेली होती. तिनं स्वेटरच्या बाह्या ओढून हात आत घेतले.

"येणार," ती म्हणाली. "अजून लई बोलायचं राहिलंय."